मुलाचा दमा कसा ओळखावा आणि पंप कसा द्यावा

मूल रात्री खोकत उठते, धावले की धाप लागते, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो आणि सर्दी नसतानाही हे पुन्हापुन्हा घडते, तेव्हा खोकल्याच्या बाटल्या बदलत बसू नये. दवाखान्यात पोहोचेपर्यंत छाती अनेकदा शांत झालेली असते. म्हणून तो आवाज घरीच मोबाईलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवावा. साधारण पाच-सहा वर्षांपुढच्या मुलाला स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुप्फुसांतून हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते हे मोजणाऱ्या, यंत्रात फुंकता येते. पंपाच्या औषधानंतर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्क्यांहून अधिक वाढली, तर दम्याच्या निदानाला भक्कम आधार मिळतो. श्वासातील नायट्रिक ऑक्साइड मोजून श्वासनलिकेची सूज ओळखण्याची सोयही आता काही ठिकाणी आहे.

‘पंपाची सवय लागते’ ही भीती मात्र आधी मनातून काढावी, कारण तिच्यामुळेच कित्येक मुलांचे उपचार अर्धवट राहतात. पंपातले सूज उतरवणारे औषध मायक्रोग्रॅममध्ये असते आणि थेट फुप्फुसात जाते. शिवाय ‘जीना’ या दम्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून बारा वर्षांपुढच्या रुग्णांना श्वासनलिका तेवढ्यापुरती मोकळी करणाऱ्या साल्ब्युटामॉलवरच केवळ न ठेवता सूज उतरवणारे औषधही द्यावे, असे सांगितले आहे.

पंप नीट हलवून स्पेसरला, म्हणजे औषध क्षणभर साठवणाऱ्या पोकळ नळीला, जोडावा. लहान मुलाच्या नाका-तोंडावर मास्क घट्ट बसवावा; रडणाऱ्या मुलाच्या फुप्फुसात औषध फारच थोडे पोहोचते, म्हणून आधी बाहुलीला मास्क लावून दाखवावा आणि मूल शांत झाल्यावरच पंप द्यावा. एका वेळी एकच दाब द्यावा, मुलाला पाच-सहा संथ श्वास घेऊ द्यावेत आणि दुसरा दाब द्यायचा असल्यास पंप पुन्हा हलवावा. सूज उतरवणाऱ्या औषधानंतर चूळ भरायला लावावी, मास्क असेल तर चेहराही पुसावा. महिन्यातून एकदा स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्यावा; फडक्याने पुसल्यास स्थिर विद्युत निर्माण होऊन औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

घरात विडी-सिगारेट, मच्छर अगरबत्ती आणि धूप टाळावा. डॉक्टरांकडून लेखी उपचार-योजना घेऊन तिची एक प्रत शाळेत द्यावी. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, मुलाला सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर योजनेत लिहिलेला तातडीचा पंप स्पेसरमधून देत, वाट न पाहता रुग्णालय गाठावे.