पोरगं पिचिंग करतंय? मग आधी बॉल मोजायला शिका

आमच्याकडे कोथरूडला रविवारी सकाळी दहा-बारा पोरं बेसबॉल खेळायला येतात, त्यातली काही पिचिंग करतात, म्हणजे बॅटरला बॉल टाकतात, आणि कुणाच्या तरी आई-बाबांचा प्रश्न ठरलेला असतो, "सर, कर्व्ह टाकला की हात जातो का हो?" कर्व्हची, म्हणजे हवेत वळणाऱ्या बॉलची, घाई नकोच, पण हात जास्त करून जातो तो भरमसाट बॉल टाकल्याने आणि दमलेल्या हाताने टाकत राहिल्याने.

फास्टबॉल, म्हणजे सरळ जोरात टाकलेला बॉल, साधा म्हणून सेफ, हा गैरसमज आधी काढून टाका. लॅबमध्ये मोजलं तर कोपरावर त्याचा ताण कर्व्हइतका किंवा थोडा जास्तच येतो, चेंजअपचा (फास्टबॉलसारखा दिसून हळू येणारा बॉल) सगळ्यात कमी. तरी ९ ते १४ वयाच्या पिचरवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात कर्व्हवाल्यांचा खांदा आणि स्लायडरवाल्यांचं (वेगात येऊन शेवटी बाजूला वळणारा बॉल) कोपर जास्त दुखल्याचं दिसलंय, म्हणून १२ पर्यंत फास्टबॉल आणि चेंजअप एवढंच, हे दोन्ही हुकमी पडायला लागले की १३-१४ ला कर्व्ह, आणि स्लायडर शाळेत असेपर्यंत नकोच असं माझं स्पष्ट मत आहे.

चेंजअप शिकवताना बॉल बोटांच्या टोकांवर न धरता तळव्याकडे खोल धरायला लावा, तीन बोटं वर, आणि हात मात्र फास्टबॉलच्याच जोरात फिरला पाहिजे. पोरं हातच हळू करतात, मग बॅटरला लगेच कळतं.

आता मोजणी. अमेरिकेतल्या पिच स्मार्ट नियमांनी दिवसाला ९-१० वयाला ७५, ११-१२ ला ८५, १३-१४ ला ९५ बॉल, ह्याच्या वर नाही. विश्रांतीचं गणित १४ वर्षांपर्यंत असं, की २० पर्यंत टाकले तर काही नाही, ३५ पर्यंत १ दिवस, ५० पर्यंत २, ६५ पर्यंत ३ आणि ६६ पासून पुढे ४ दिवस. स्पर्धेत एकाच दिवशी दोन मॅच आल्या तर दोन्हीची बेरीज धरायची. आमच्याकडे एका पोराचे आजोबा वही घेऊन बसतात, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, त्यांनी हात वर केला की पिचर बदलतो, वाद नाही. बाहेर काढलेल्या पिचरला लगेच कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा) पण करू नका, कॅचरला पण सारखा थ्रो करावा लागतो. आणि संध्याकाळी सोसायटीत क्रिकेट खेळताना बाउंड्रीवरून केलेले थ्रो कुठल्याच वहीत येत नाहीत, ते घरच्यांनी विचारायचे.

वर्षात किमान ४ महिने पिचिंग बंद हवं, त्यातले २-३ सलग कसलीच फेकाफेक नको. पुण्यात पावसाळ्यात मैदानाचा चिखलच होतो, तेच महिने घ्या की, उगाच हॉल शोधत बसू नका.

दमलेला हात बॉल मोजायच्या आधीच दिसतो: कोपर खाली येतं, बॉल वर जायला लागतात, दोन बॉलमध्ये वेळ लागतो. मागे आमचा एक बारा वर्षांचा पोरगा प्रत्येक बॉलनंतर कोपराची आतली बाजू चोळत होता, विचारलं तर "काही नाही सर". ह्या वयात हाडाच्या टोकाशी ग्रोथ प्लेट, म्हणजे हाड जिथून वाढतं तो भाग, कूर्चेचा आणि मऊ असतो आणि ओढ नेमकी तिथेच बसते. त्याला तिथंच थांबवलं. स्प्रे मारून परत पाठवायचं नाही, त्या दिवशी फेकणं बंद, आणि दोन-चार दिवसांत दुखणं गेलं नाही किंवा हात सरळ होत नसेल तर थेट हाडांच्या डॉक्टरकडे.