काच कोणती, हे चिपला कोण सांगणार?

गोव्यात वेर्ण्याला किंवा कुंडईला एखाद्या छोट्या कंपनीत एम्बेडेडवाला (यंत्रातल्या चिपसाठी प्रोग्राम लिहिणारा) म्हणून लागलात की पहिलं काम बहुधा हेच अंगावर येतं: "तो छोटा डिस्प्ले तेवढा चालू करून दे." सांगणाऱ्याला ते अर्ध्या दिवसाचं वाटतं. तुम्हालाही वाटतं, कारण कॉलेजात आर्डुइनोवर लायब्ररी टाकून अक्षरं उमटवलेली असतात. मग कंपनीच्या बोर्डवर, जिथे ती लायब्ररी चालत नाही, तिथे तीच काच काळीठिक्कर राहते आणि आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. तसं नसतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला ते कुणी वेळेवर सांगितलं नव्हतं.

एसपीआय, आयटूसी (चिपशी तारांवरून बोलायच्या दोन पद्धती), पुल-अप एवढं तुम्हाला येतं असं धरतो. खाली कमांडचे जे आकडे येतील ते सगळे हेक्समधले.

किरकोळ गोष्टी आधी उरकू. ओलेड मॉड्यूलच्या पाठीवर ७८ किंवा ७ए छापलेलं असतं. तो आठ बिटांचा पत्ता. तुमचं फंक्शन सात बिटांचा मागत असेल तर ३सी किंवा ३डी द्या. चार पिनांच्या मॉड्यूलवर कधी ग्राउंड पहिला असतो, कधी व्हीसीसी. दिसायला दोन्ही जुळी भावंडं, पण उलटं लावलं तर मॉड्यूल जातं, म्हणून प्रत्येक नव्या पाकिटातलं पहिलं मॉड्यूल हातात घेऊन छापील अक्षरं वाचा. आणि एसएसडी१३०६ या ओलेडच्या कंट्रोलर चिपमध्ये चार्ज पंप रीसेटनंतर बंद असतो. काचेला लागतात ७ व्होल्टच्या वर, तुम्ही देता ३.३. मधली उडी हा पंप मारतो. ८डी आणि १४ (पंप चालू) पाठवल्याशिवाय एएफ (डिस्प्ले चालू) पाठवलात, तर चिप सगळ्या कमांडना 'हो' म्हणेल आणि काच काळीच राहील.

काळ्या काचेपुढे बसून डोकं धरण्याआधी ए५ पाठवा. या कमांडने मेमरीत काय आहे ते न बघता सगळे पिक्सेल पेटतात. पेटले, तर वीज, पंप, बस सगळं ठीक. घोळ तुम्ही डेटा कुठे लिहिताय त्यात आहे. नाही पेटले, तर डेटाकडे बघूच नका, पंप आणि तारा बघा. तपासून झालं की ए४ने परत या. ही एक कमांड कुणी पहिल्या दिवशी दाखवली असती तर माझे बरेच केस वाचले असते.

आता मुख्य गोष्ट, आणि ही मी जरा जास्तच ताणणार आहे.

डिस्प्ले कंट्रोलरला आपल्या अंगावर कोणती काच बसवली आहे हे माहीत नसतं. काच बनवणारा वेगळा, चिप बनवणारा वेगळा. एसएसडी१३०६ जास्तीत जास्त १२८ बाय ६४ ठिपके चालवू शकतो. बाहेर ६४ ओळींची काच आहे की ३२ ओळींची, ओळींच्या तारा सरळ आणल्यात की एकाआड एक, काच उलटी चिकटवली आहे का, हे सगळं त्याला तुम्ही सांगायचं. इनिशियलायझेशन सिक्वेन्स म्हणतात ती दुसरं काही नाही, ती काचेची मापं आहेत. ए८ म्हणजे ओळी किती: ६४ला ३एफ, ३२ला १एफ. डीए म्हणजे त्या ओळींच्या तारा कशा आणल्यात: नेहमीच्या ६४च्या काचेला १२, ३२च्या काचेला ०२. ए० की ए१, सी० की सी८, हे डावं-उजवं आणि वर-खाली. दुसऱ्याच्या कोडमधून ही सिक्वेन्स जशीच्या तशी उचलणं म्हणजे शेजाऱ्याच्या मापाचा सदरा घालणं. अंगात जातो, पण बाह्या कुठे येतील ते नशीब.

यातली मेख अशी की रीसेटनंतरची मूळ मूल्यं ६४च्या काचेला नेमकी जुळतात. त्यामुळे ए८ आणि डीए विसरलं तरी ६४ची काच मुकाट चालते आणि शिकणाऱ्याला वाटतं या कमांड शोभेच्या आहेत. पुढच्या प्रोजेक्टात ३२ची काच येते, एकाआड एक ओळी गायब होतात, आणि मनुष्य फॉन्टमध्ये चूक शोधत बसतो.

आमच्याकडे असाच एक घोळ फार वाईट वेळी झाला. काजूगर सुकवायच्या ड्रायरवर तापमान दाखवणारा बोर्ड होता, १.३ इंची ओलेडचा. नमुन्याचे बोर्ड मस्त चालले. गोव्यात सुटे भाग मिळायची मारामार; माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, नाहीतर पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून मागवायचा आणि कुरिअरची वाट बघायची. चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर आलेली, म्हणजे त्यानंतर आठवडाभर कुणी कामाला हात लावणार नाही. अशा वेळी दुसरा लॉट आला. तेच मॉड्यूल, तोच निळा बोर्ड, त्याच चार पिना. तापमान व्यवस्थित दिसत होतं. फक्त उजव्या कडेला दोन ठिपके रुंदीची एक उभी पट्टी कचऱ्यासारखी लुकलुकत होती आणि डावीकडे पहिल्या अक्षराची कड खाल्लेली होती.

कुणी म्हणालं वरच्या फिल्मचा दोष, कुणी म्हणालं सोल्डरिंग. पेडण्याचे आमचे एक सीनियर चहाचा ग्लास घेऊन येऊन उभे राहिले. म्हणाले, "मेल्या, मधे काय बघतोस? कडेला बघ. ही चिपच दुसरी."

चिप होती एसएच११०६. तिची मेमरी १३२ कॉलमांची, काच १२८ची, आणि काच जोडलेली मधल्या १२८ना. म्हणजे तुमचा शून्यावा कॉलम काचेबाहेर, पहिलाही बाहेर, आणि उजवीकडचे दोन कॉलम तुम्ही कधी लिहिलेलेच नाहीत. तिथे वीज आल्यावर मेमरीत जो काय कचरा होता तो दिसतो. उपाय एका ओळीचा: प्रत्येक पानाची (म्हणजे मेमरीतल्या आठ ओळींच्या पट्टीची) सुरुवात कॉलम २ पासून करा. पण चित्र मेमरीत कुठे आणि काचेवर कुठे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे डोक्यात बसल्याशिवाय ती एक ओळ सुचत नाही.

आमचं नशीब, की आम्ही पान-पान लिहीत होतो. एसएच११०६ला एसएसडी१३०६ची आडवी अ‍ॅड्रेसिंग पद्धत, म्हणजे एक पान संपलं की आपोआप पुढच्यावर जाणं, नाहीच. एका दमात १०२४ बाइट ओतले असते, तर सगळं हिम पडल्यासारखं दिसलं असतं आणि एकच आठ ओळींची पट्टी हलत राहिली असती. त्याहून गंमत म्हणजे एका चिपचा पॅरामीटर दुसऱ्या चिपला कमांड वाटू शकतो. एसएसडी१३०६ला कॉलमची हद्द सांगताना आपण २१, ००, ७एफ पाठवतो. एसएच११०६च्या तक्त्यात २१ नाही, पण ४० ते ७एफ ही सगळी 'सुरुवातीची ओळ' ठरवायची कमांड आहे. म्हणजे ७एफ गेला की चित्र एका ओळीने सरकतं, आणि तुम्ही शोधताय कुठे तर वरच्या कोडमध्ये. तसंच ८डी-१४ मधल्या १४चं: तो तिथे कॉलमच्या पत्त्यातल्या वरच्या निबलचा (चार बिटांचा) अर्थ घेतो. पंप मात्र त्या चिपमध्ये रीसेटनंतर चालूच असतो, म्हणून काच पेटते आणि सगळं बरोबर असल्याचा भास होतो. अजिबात न पेटलेली काच परवडली, अर्धवट बरोबर दिसणारी नको.

म्हणून चाचणीला मधोमध 'हॅलो' लिहू नका. मधोमध सगळंच चालतं. चारही कडांवरून एक ठिपका जाडीची चौकट काढा आणि फक्त डाव्या-वरच्या कोपऱ्यात एक छोटा भरीव चौकोन. चौकट चारही बाजूंनी पूर्ण दिसली आणि चौकोन आपल्या जागी असला, तर मापं जुळली. एक बाजू नाही, तर तिथे ऑफसेट, म्हणजे चित्राची सुरुवात सरकलेली. चौकोन भलत्या कोपऱ्यात, तर दिशा उलट्या.

रंगीत टीएफटीकडे गेलात तरी हाच प्रकार, फक्त आकडे मोठे. एसटी७७८९ या टीएफटी कंट्रोलरची मेमरी २४० बाय ३२०. बाहेर २४० बाय २४०ची काच असेल तर सरळ धरून चालते आणि १८० अंशांत फिरवली की चित्र ८० ओळींनी पळतं, कारण वरच्या टोकाकडून मोजताना आता न दिसणाऱ्या ८० ओळी आधी येतात. १३५ बाय २४०च्या अरुंद काचेला एका बाजूने ४० आणि दुसऱ्या बाजूने ५२ किंवा ५३ मिळवावे लागतात. हे ५२-५३ काय, म्हणून मी चिडलो होतो. २४०तून १३५ गेले, उरले १०५, त्याचे दोन समान भाग होत नाहीत. एका अंगाला ५२, दुसऱ्याला ५३. फिरवलं की अदलाबदल. बस्स, एवढंच.

टीएफटीचं आणखी एक सांगतो. सगळे जण पहिल्यांदा पडदा लाल करून बघतात. लाल नका करू, हिरवा करा. लालच्या जागी निळा दिसला तर दोन कारणं असू शकतात: ३६ या कमांडमधला बीजीआर बिट (लाल-निळ्याचा क्रम ठरवणारा) चुकला, किंवा १६ बिटांच्या रंगाचे दोन बाइट उलटे गेले. लालचा एफ८०० उलटा झाला की ००एफ८ होतो, आणि तोही निळाच दिसतो. दोन वेगळे रोग, लक्षण एक. हिरव्याचं तसं नाही. बीजीआर चुकला तर हिरवा हिरवाच राहतो. बाइट उलटे गेले तर हिरव्याच्या ०७ई० चा ई००७ होतो आणि लालसर दिसतो. रंगच उलटे असतील, म्हणजे इन्व्हर्जनचा घोळ असेल, तर जांभळट गुलाबी येतो. आयपीएस प्रकारच्या काचेच्या एसटी७७८९ला बहुधा २१ पाठवून इन्व्हर्जन चालू करावं लागतं. पांढरा भरून तर काहीच कळत नाही, इन्व्हर्जन सोडलं तर.

झोपेतून उठवायची ११ ही कमांड दिल्यावर १२० मिलिसेकंद थांबा. सगळे थांबतात, तुम्हीही थांबा.

आता माझी मतं, पटली तर घ्या. लायब्ररी वापरण्यात कमीपणा नाही, पण ती वाचा. यू८जी२ ही डिस्प्लेची लायब्ररी उघडून बघा: एकाच एसएसडी१३०६ला वेगवेगळ्या काचांच्या नावाने वेगळे कन्स्ट्रक्टर दिलेत. त्या माणसाला जे कळलं तेच मी वर दोन पानं सांगतोय. चॅटबॉटकडून सिक्वेन्स मागितलीत तर तो आत्मविश्वासाने देईल. प्रत्येक ओळ डेटाशीटशी ताडून बघा, कारण दोन चिपांची खिचडी करून वर कॉमेंटसुद्धा नीट लिहिलेली मी पाहिली आहे. आणि मेंटॉर म्हणून जो तुमचा कीबोर्ड आपल्याकडे ओढून दोन मिनिटांत चालू करून देतो, त्याच्यापासून जरा लांब राहा. माणूस वाईट नसतो, पण तुमच्या हाती काही लागत नाही. "कडेला बघ" म्हणून चहा पीत निघून जाणारा बरा. त्या वेळी राग येतो, हे मान्य.

स्वस्तातला आठ चॅनेलचा लॉजिक अ‍ॅनालायझर घ्या आणि पल्सव्ह्यू हे त्याचं सॉफ्टवेअर टाका. ते फुकट आहे. तारेवर खरोखर काय गेलं हे बघायची सवय लागली की अर्धी भीती जाते. हिशेबही कळतो: १०२४ बाइट आयटूसीने ४०० किलोहर्ट्झवर पाठवायला, प्रत्येक बाइटमागे नऊ बिट धरून, २३ मिलिसेकंद जातात. मग "स्क्रीन स्लो का?" हे साहेबाला आकड्यात सांगता येतं. मुलाखतीत असं एखादं उत्तर दिलंत की समोरचा सरसावून बसतो. प्रोजेक्टांची लांबलचक यादी कुणी वाचत नाही. डीए म्हणजे काय हे विचारलं आणि तुम्ही काचेच्या तारांबद्दल बोललात, तर काम झालं. नाही बोलता आलं तरी आकाश कोसळत नाही. मलाही पहिल्या मुलाखतीत नव्हतं आलं.

आपल्याकडच्या पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. रिबन कनेक्टरवर दमट हवा बसली की रेघा येतात आणि आपण सॉफ्टवेअरला शिव्या देतो. कोड बदलण्याआधी रिबन काढून, पुसून परत बसवा.

कोडमध्ये चिपचा प्रकार, रुंदी, उंची आणि दोन्ही ऑफसेट एकाच स्ट्रक्चरमध्ये ठेवा, इकडेतिकडे पेरू नका. खरेदीच्या यादीत नुसतं '१.३ इंच ओलेड' लिहू नका. कंट्रोलरचं नाव आणि ग्राउंड-व्हीसीसीचा क्रम लिहा, आणि 'बदलल्यास आधी कळवा' हेही. विक्रेता "सेमच आहे" म्हणेल. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या दुकानात ते सेमच असतं. लॉट आला की पाकिटाच्या वरचं एक आणि तळातलं एक मॉड्यूल काढा, चौकटीचा प्रोग्राम चालवा, आणि मगच बाकीची सोल्डरिंगला द्या.