कळलावी लावताना कंदाचं टोक जपा

कळलावी या फुलवेलीचा कंद इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुफाटा असतो आणि कोंब फक्त फाट्याच्या टोकातून येतो. टोक मोडलं की तो फाटा वाया गेला, म्हणून उचलताना फार सांभाळा. मेअखेरीस निचऱ्याच्या मातीत ५ ते ७ सेंमी खोल, आडवा ठेवा. पाणी साचलं तर कुजतो. पानांची टोकंच ताणे, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तंतू, होतात. जाड खांब त्यांना धरता येत नाही, बारीक तारेची जाळी द्या. फुलं पावसाळ्यात. नंतर वेल पिवळी पडली की पाणी बंद.

सगळी वेल विषारी, कंद सर्वांत जास्त. त्यातलं कोल्चिसीन हे विष उकडूनही जात नाही. हातमोजे घाला, आणि रताळी किंवा कणगरं अशा खायच्या कंदांच्या वाफ्याजवळ ती लावूच नका, चुकून तिचा कंद खाण्यात जाईल.