गोदावरी दाखवा, मग शिकवा

नाशिकच्या मुलांना गोदावरी शिकवताना भिंतीवरचा नकाशा थोडा वेळ बाजूला राहू द्या. ब्राउझरमध्ये गूगल अर्थ (उपग्रहचित्रांतून पृथ्वी दाखवणारा नकाशा) उघडा. नदीचा उगम असलेल्या ब्रह्मगिरी डोंगरापासून निघून गंगापूर धरण, रामकुंड, नांदूर मध्यमेश्वर असं नदीच्या कडेकडेनं सरकत जा. माउस मात्र मुलांच्या हाती द्या, नाहीतर नुसता सिनेमा होतो. मग मोजपट्टीचं चिन्ह दाबून ब्रह्मगिरी ते अरबी समुद्र हे सरळ अंतर मोजायला लावा. भरतं साधारण ८० किलोमीटर. तरी नदी पूर्वेकडे सुमारे १,४६५ किलोमीटर का जाते? उत्तर लगेच सांगू नका. थ्रीडी दृश्य तिरकं करून सह्याद्रीचा उतार त्यांनाच शोधू द्या. शाळेतल्या नेटचा काय भरवसा, म्हणून स्क्रीनशॉट आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.