टोमणा डोक्यात नको, कागदावर

जावेनं चारचौघांत मारलेला टोमणा तीन दिवस डोक्यात भुणभुणतोय? भांडी आपटण्यापेक्षा एक पाठकोरा कागद घ्या आणि घड्याळ लावून १५ मिनिटं लिहा. नुसतं काय झालं ते नको, नेमकं काय लागलं तेही लिहा. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात! असं सलग चार दिवस. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात हीच पद्धत होती. लिहून झाल्या झाल्या उलट जडच वाटतं (पहिल्या दिवशी माझं रडून नाक लाल झालं होतं), ते ओसरतं. कागद मात्र फाडून टाका, घरात कुणाच्या हाती लागला तर नवं महाभारत! आणि जखम फार जुनी, खोल असेल तर एकटीनं उकरत बसू नका, समुपदेशकाला गाठा.