दोन सभागृहांची अभिरूप संसद: युरोप आणि विकसनशील देशांचं संयुक्त अधिवेशन ठाण्यातल्या कॉलेजात कसं भरवायचं

ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांना अभिरूप संयुक्त राष्ट्र परिषद आता पाठ झाली आहे. देशांच्या पाट्या, गळ्यात टाय, भाषणांवर भाषणं. त्याच साच्यात युरोप आणि विकसनशील देशांची संयुक्त संसदीय सभा बसवायला गेलात तर ती फसते, कारण इथे राजदूत नसतात, खासदार असतात. राजदूताने आपल्या सरकारची री ओढायची असते. खासदाराला तसं बंधन नाही, तो स्वतःच्या सरकारवरही ताशेरे ओढू शकतो. स्पेनच्या बंदरातला आणि माद्रिदमधला, दोघे एकाच देशाचे असून एकमेकांविरुद्ध मत देऊ शकतात. मुलांच्या डोक्यात हे पहिल्या दिवशी शिरलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

आधी मूळ सभेची ओळख

युरोपीय समुदाय (आजच्या युरोपीय संघाचं आधीचं रूप) आणि आफ्रिकेतले नव्याने स्वतंत्र झालेले देश यांच्यात १९६३ मध्ये व्यापार आणि विकासमदतीचा याऊंदे करार झाला. १९७५ चा लोमे करार आणि २००० चा कोतोनू करार त्याच वाटेवरचे. आफ्रिका, कॅरिबियन आणि पॅसिफिक देशांचा गट एका बाजूला, युरोपीय संघ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडचे खासदार एकत्र बसतात ती संयुक्त सभा. कोतोनूच्या काळात संयुक्त सभेत दोन्हीकडचे ७८-७८ सदस्य असत. दोन सहअध्यक्ष, २४ उपाध्यक्ष आणि तीन स्थायी समित्या: राजकीय, आर्थिक-व्यापारी आणि सामाजिक-पर्यावरणीय. १५ नोव्हेंबर २०२३ ला सामोआ करारावर सह्या झाल्या आणि एका सभेच्या जोडीला आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिक अशा तीन प्रादेशिक सभा आल्या. नव्या रचनेचं पहिलं अधिवेशन फेब्रुवारी २०२४ मध्ये अंगोलाची राजधानी लुआंडा इथे भरलं.

दोन दिवसांत नव्या रचनेच्या चारही सभा भरवणं झेपणार नाही. जुना कोतोनू ढाचा घ्या, एकच सभा, आणि तसं माहितीपत्रकात स्पष्ट छापा.

भारत या करारात नाही. तरी कोणीतरी हमखास म्हणतं, भारताला निरीक्षक म्हणून बसवू. बसवू नका. ती खुर्ची मांडली की सगळे तिच्याकडे बघून बोलू लागतात आणि पॅसिफिकमधल्या किरिबातीचा खासदार दुपारपर्यंत नवी दिल्लीची भूमिका मांडायला लागतो.

विषय: मासे

‘हवामान बदल’, ‘शाश्वत विकास’ असले विषय घेतले की मतभेदाला जागाच उरत नाही. सगळे एकमेकांना दुजोरा देतात आणि मतदान एकमताने आटोपतं. विषय असा हवा की ज्यात पैसा, पोट आणि परिसर तिन्ही गुंतलेत. मासेमारीचे करार त्यासाठी उत्तम.

आंतरराष्ट्रीय सागरी कायद्यानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर त्या देशाचा हक्क असतो. किती मासळी काढणं सुरक्षित आहे हे देशाने ठरवायचं, आणि त्यातली जी स्वतःला काढता येत नाही ती ‘शिल्लक’ परक्या बोटींना द्यायची. युरोपीय संघ या शिल्लकीसाठी पैसे मोजतो. मॉरिटानियाशी २०२१ मध्ये झालेल्या करारात ही रक्कम वर्षाला ५.७५ कोटी युरो होती. बोटमालक परवान्याचं शुल्क वेगळं भरतात, आणि स्थानिक मासेमारीच्या सुधारणेसाठीही निराळा निधी असतो. पॅसिफिकमध्ये किरिबातीसारखे देश टूनासाठी ‘जहाज-दिवस’ विकतात, म्हणजे एका बोटीला एक दिवस मासेमारी करण्याचा हक्क. त्यांच्या सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग त्यातून येतो.

भांडणाची ठिणगी ‘शिल्लक’ या शब्दातच आहे. ती मोजणार कोण? छोट्या होडीवाल्याला मासळी मिळत नसेल तर उरली कशी म्हणायची? आपल्याकडच्या मुलांना हे समजावायला फार लांब जावं लागत नाही. ५ फेब्रुवारी २०१६ ला महाराष्ट्र सरकारने पर्ससीन जाळ्यांवर (मासळीच्या अख्ख्या थव्याला वेढून पकडणारी मोठी जाळी) निर्बंध आणले, त्यामागचा वाद याच जातीचा होता. तयारीच्या दुसऱ्या आठवड्यात चेंदणी कोळीवाड्यातल्या किंवा दिवाळे, सारसोळे भागातल्या एखाद्या अनुभवी मच्छीमाराला तासभर बोलवा. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी त्यांना परवडते कशी, एवढं एकच विचारा. बाकीचं ते सांगतील.

खुर्च्यांचं गणित

सहभागी ४८ ठेवा, २४ अधिक २४. यापेक्षा जास्त घेतलेत तर दोन दिवस पुरत नाहीत. सचिवालयासाठी आणखी ८ जण लागतात: दोन सहअध्यक्ष, तिघे मसुदा आणि टंकलेखनाला, दोघे मतमोजणीला, एक वेळ मोजायला. सहअध्यक्ष मतदान करत नाहीत असं ठरवून टाका. प्रत्यक्षात ते सदस्यच असतात, पण विद्यार्थी एकाच वेळी सभागृह सांभाळून मत देऊ शकत नाहीत.

युरोपकडच्या जागा देशांनुसार वाटू नका, राजकीय गटांनुसार वाटा. जुलै २०२४ मध्ये ७२० सदस्यांची जी संसद स्थापन झाली तिच्या प्रमाणात २४ जागा अशा बसतात: युरोपियन पीपल्स पार्टी (मध्य-उजवी) ६, समाजवादी ४, पेट्रियट्स (कडवे उजवे) ३, कन्झर्व्हेटिव्ह ३, रिन्यू (उदारमतवादी) ३, ग्रीन्स २, डावे १, सार्वभौम राष्ट्रांचा गट १, अपक्ष १. प्रत्येक सदस्याला गट आणि देश दोन्ही द्या. गालिसियाच्या विगो बंदरातला पीपल्स पार्टीवाला, चेक प्रजासत्ताकातला त्याच गटाचा (या देशाला समुद्रच नाही), जर्मनीची ग्रीन सदस्य. पात्रं अशी ठरवली की एका गटातही ओढाताण होते.

दुसऱ्या बाजूला सदस्यसंख्येच्या हिशेबाने आफ्रिकेला १५, कॅरिबियनला ५ आणि पॅसिफिकला ४ जागा येतात. आफ्रिकेची एक कमी करून पॅसिफिकला ५ द्या, नाहीतर त्यांचा आवाज ऐकूच येत नाही. आफ्रिकेत मॉरिटानिया, सेनेगल, सेशेल्स, मादागास्कर घ्याच, पण माली किंवा चाडसारखे भूवेष्टित देशही ठेवा. त्यांच्यासाठी प्रश्न बोटींचा नसून बाजारातल्या सुक्या मासळीच्या भावाचा असतो.

एक जागा मुद्दाम अडचणीची ठेवावी: लष्कराने सत्ता घेऊन संसद बरखास्त केलेला एक काल्पनिक देश. कोतोनू करारानुसार संसद नसलेल्या देशाचा प्रतिनिधी सभेच्या पूर्वसंमतीशिवाय बसू शकत नव्हता. पहिल्या सकाळचं पहिलं कामकाज हेच. हा वाद पुस्तकी वाटू नये म्हणून नोव्हेंबर २००२ ची गोष्ट सांगा. झिंबाब्वेच्या दोन मंत्र्यांवर युरोपची प्रवासबंदी होती. त्यांना ब्रुसेल्समध्ये संसदेच्या इमारतीत प्रवेश नाकारला गेला, समोरची बाजू त्यांच्या पाठीशी उभी राहिली आणि सबंध अधिवेशन रद्द झालं.

जागा आणि तारीख

पक्क्या खुर्च्यांचं नाट्यगृह घेऊ नका, कितीही रुबाबदार वाटलं तरी. टेबलं घोड्याच्या नालेसारखी मांडता येतील असा हॉल हवा, आणि शेजारी दोन वर्गखोल्या. एक एका बाजूच्या बैठकीला, दुसरी दुसऱ्या. दोन्ही बाजूंना आपापसांत बोलायला बंद दार मिळालं नाही तर तडजोड जिन्यात होते आणि तिची नोंद कुणाकडेच राहत नाही.

तारीख जानेवारीतली बरी. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल परीक्षांचे, जून-जुलैत लोकलचा भरवसा नाही. शनिवार-रविवार घेत असाल तर मेगाब्लॉक धरून चाला. रविवारी साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी चारपर्यंत मध्य, हार्बर किंवा ट्रान्स-हार्बर यांपैकी काहीतरी बंद असतं. म्हणून रविवारचं कामकाज साडेनऊला सुरू करा. वाशी-पनवेलकडून येणारी मुलं त्याआधी हॉलमध्ये हवीत. गणपूर्ती दोन्ही बाजूंची वेगवेगळी मोजा, प्रत्येकी किमान १२.

साहित्य फारसं लागत नाही. नावाच्या पाट्यांसाठी ए-फोर कार्डशीट, तीन घड्या घालून त्रिकोणी उभी करायची, दोन्ही बाजूंना नाव. २४ निळी आणि २४ पिवळी मतपत्रकं. रंग वेगळे हवेतच, नाहीतर मोजणीत घोळ ठरलेला.

मसुदा, उपसूचना, मतदान

खरं काम इथे आहे. अधिवेशनाच्या सहा आठवडे आधी दोन अहवालकर्ते नेमा, प्रत्येक बाजूचा एक. दोघांनी मिळून एकच मसुदा लिहायचा: आठ-दहा ‘ज्याअर्थी’ची कलमं आणि बारा ते पंधरा मागण्यांची. प्रत्येक कलमाला क्रमांक, एका कलमात एकच मागणी. ‘निधी वाढवावा आणि परक्या बोटींवर निरीक्षक ठेवावेत’ असं एकत्र लिहिलं की अर्धं सभागृह अर्ध्या वाक्याला विरोध करतं आणि मग तुकडे पाडून मत घ्यावं लागतं. मसुदा तीन आठवडे आधी सगळ्यांच्या हातात हवा. भाषा एकच ठेवा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही प्रती काढल्यात तर कुठली प्रत ग्राह्य यावरच तासभर हरकतीचे मुद्दे निघतात. भाषण हवं त्या भाषेत होऊ द्या, मत मात्र त्या एका मसुद्यावर.

शनिवारी सकाळी प्रवेशाचा वाद, मग सर्वसाधारण चर्चा. प्रत्येकाला दोन मिनिटं दिली तरी ४८ जणांची ९६ मिनिटं होतात, खुर्चीवरून उठण्या-बसण्यासह दोन तास. यापेक्षा एक मिनिटही जास्त देऊ नका. जेवणानंतर प्रश्नोत्तरं. एक जण युरोपीय आयोगाचा आयुक्त, एक जण समोरच्या मंत्रिपरिषदेचा. प्रश्न आदल्या दिवशी लेखी आलेलेच घ्यायचे, प्रत्येकावर एक पुरवणी प्रश्न.

उपसूचनांची मुदत शनिवारी साडेचार. सूचक एक आणि अनुमोदक चार, पाचही सह्या कागदावर. मुदतीनंतरची उपसूचना फक्त एकाच अटीवर घ्या: दोन्ही अहवालकर्त्यांनी मिळून आणलेली तडजोड असेल तर. प्रती शनिवारी रात्रीच काढून ठेवा. स्टेशनजवळची झेरॉक्सची दुकानं रविवारी उघडी सापडतील या आशेवर राहू नका. साठ प्रती लागतात, आणि उपसूचना वीसच्या आत राहिल्या तर त्या चार पानांत मावतात.

मतदानाच्या क्रमात बहुतेक जण चुकतात. एकाच कलमावर चार उपसूचना असतील तर मूळ मजकुरापासून सर्वांत लांब जाणारी आधी मताला टाकायची. समजा मूळ मजकुरात ‘परक्या बोटींची संख्या पुनर्विचारात घ्यावी’ असं आहे. ‘सगळे करार रद्द करा’ ही आधी, ‘निम्म्याने कमी करा’ ही त्यानंतर. एक मंजूर झाली की तिच्याशी न जुळणाऱ्या बाकीच्या आपोआप पडतात. जवळची आधी टाकलीत तर लांबच्यांना मत मांडायची संधीच मिळत नाही, आणि रास्त तक्रार येते.

एरवी हात वर करून साधं बहुमत. पण एखाद्या बाजूने मतदानापूर्वी लेखी मागणी केली तर दोन्ही सभागृहांचं, म्हणजे दोन्ही बाजूंचं, मत वेगवेगळं घ्यायचं आणि बहुमत दोन्हीकडे लागतं. फळ्यावर आकडे मांडून दाखवा. एकूण ३० बाजूने, १६ विरोधात, २ तटस्थ, म्हणजे ठराव दणक्यात मंजूर वाटतो. पण त्यात युरोपची १९ विरुद्ध ४ आणि समोरची ११ विरुद्ध १२ असतील तर ठराव पडला. एका मताने. हे गणित मुलांना शुक्रवारीच दाखवलं तर शनिवारच्या रात्री ती भाषणं पाठ करत बसत नाहीत, समोरच्या बाजूची दोन-तीन मतं शोधत फिरतात.

दर वेळी वेगळं मतदान मागून सभा अडवण्याचा मोह होतोच. म्हणून प्रत्येक बाजूला अशा पाच मागण्याच द्या. शिल्लक किती, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

शेवटच्या मतदानात सबंध ठराव मताला टाकतात, आणि तो तिथेही पडू शकतो. आवडती कलमं उडाल्यामुळे त्याचेच सूचक विरोधात जातात. अशा वेळी सहअध्यक्षांनी पुन्हा मत घेऊ नये आणि प्राध्यापकांनी मध्ये पडू नये. कार्यवृत्तात दोन्ही सभागृहांचे आकडे वेगवेगळे लिहा, पडलेल्या ठरावाचा अंतिम मजकूर सोबत जोडा आणि दोन्ही सहअध्यक्षांच्या सह्या घ्या. मंजूर झाला असेल तर सह्यांपूर्वी कलमांचे क्रमांक नव्याने लावा. उडालेल्या कलमांमुळे ‘कलम ९ पाहावे’ असं लिहिलेलं वाक्य आता भलत्याच मजकुराकडे बोट दाखवत असतं.