सीमाभागातून कथा लिहिताना आणि पाठवताना या चुका टाळा

बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांतील साहित्य संमेलनांत रंगलेली एखादी कथा दिवाळी अंकाकडून मात्र परत येते, तेव्हा दोष अनेकदा तिच्या भाषेत सापडतो. आपली बोली गावठी वाटेल या भीतीने लेखक सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहून काढतो आणि खानापूरची आजी पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागते. ‘काय करायलास?’ या प्रश्नाचे ‘काय करत आहेस?’ केले की त्यातली जवळीक आणि दटावणी दोन्ही नाहीशी होतात. संवाद बोलीतच ठेवावेत; निवेदन प्रमाण भाषेत असले तरी चालते.

याच्या उलट, प्रत्येक स्थानिक शब्दाचा अर्थ कंसात देण्याची सवयही कथेची गती मोडते. बाजारातली भाजीवाली ‘ऊटा आतेन्री?’ असे विचारते आणि समोरची बाई रिकामा डबा उचलून दाखवते, एवढ्यावरून कन्नड न येणाऱ्या वाचकालाही जेवणाची विचारपूस कळते. ते कन्नडही इथलेच असावे, कारण बंगळूरुकडचे ‘ऊट आयता?’ त्या भाजीवालीच्या तोंडी घातले तर बेळगावचा वाचक तिथेच थबकतो.

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कथेचे भाषण होऊ देणे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेची वेदना आपल्या घराघरांत आहे आणि ती लिहिलीच पाहिजे. परंतु शेवटच्या पानावर नायक सीमाप्रश्नावर बोलू लागला की माणूस मागे पडतो आणि फक्त भूमिका उरते. आजोबांना कन्नड वाचता येत नाही, म्हणून जमिनीची नोटीस नातू वाचून दाखवतो आणि त्यातली एक ओळ मुद्दाम गाळतो, असा प्रसंग लिहिला तर सीमाप्रश्न हा शब्द एकदाही न येता तो कथेत उतरतो. नातवाने ती ओळ का गाळली, याचा शोध हीच मग कथा होते.

पाठवतानाच्या चुका साध्या आहेत. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेली कथा संपादकाच्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखी उघडते, म्हणून ती युनिकोडमध्ये द्यावी आणि सोबत पीडीएफ जोडावी. एकच कथा न सांगता दोन अंकांकडे पाठवू नये. दोन्हीकडे छापून आली तर दोन्ही संपादक दुरावतात.

हक्कांकडे मात्र नवे लेखक फारसे लक्ष देत नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. पुढे स्वतःचा कथासंग्रह काढायचा असेल, तर प्रकाशकाच्या कागदावर सही करण्यापूर्वी हक्क एका अंकापुरता दिला आहे की पुस्तकासाठीही, हे त्यात स्पष्ट लिहून घ्यावे.